दक्षिण बेटावरील कॅम्परव्हॅन : गाडी उत्तम, हिशेब मात्र आधी समजून घ्यावा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चहून गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव हॅनमर स्प्रिंग्ज, तेथून टेकापो व पुकाकी ही सरोवरे आणि शेवटी आओराकी माउंट कुकचा पायथा, असा प्रवास आम्ही क्राइस्टचर्चमधील एका कंपनीकडून डिझेलवर चालणारी कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन केला. भारतातून जाणाऱ्याला तेथे गाडी चालवणे तुलनेने सोपे जाते, कारण वाहतूक डाव्या बाजूनेच असते आणि वैध भारतीय परवान्यावरील मजकूर इंग्रजीत असेल तर वेगळे भाषांतर लागत नाही.

गाडीबद्दल प्रथम सांगितले पाहिजे, कारण तिच्याबाबत तक्रारीला जागा नाही. टायर नवे होते, दोन शेगड्यांचा ओटा स्वच्छ होता, फ्रिज नीट चालत होता आणि रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरले तरी डिझेल हीटरमुळे आत ऊब राहत होती. सोबत कुकर नेला असल्यामुळे वरणभात रोज झाला. शिधा नेताना मात्र विमानतळावरील अर्जात मसाले, लोणचे, डाळी असे सर्व काही नमूद करावे. न सांगितलेला खाद्यपदार्थ सापडल्यास जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो.

हिशेबाची बाजू मात्र कंपनीने अधिक स्पष्टपणे मांडायला हवी होती. संकेतस्थळावर दिसणारे दैनंदिन भाडे आकर्षक आहे, पण न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांवरील रस्ते-वापर कर अंतरानुसार आकारला जातो आणि तो गाडी परत करताना ओडोमीटर पाहून बिलात जोडला जातो. ही पद्धत रास्त आहे, पण तिचा उल्लेख नियमावलीच्या तळाशी, बारीक अक्षरांत असणे रास्त नाही. विम्याचेही तसेच आहे. मूळ विमा घेतल्यास अपघातातील मोठी रक्कम स्वतःला भरावी लागते आणि तेवढी अनामत कार्डावर अडकून पडते. ती जबाबदारी कमी करणारा वाढीव विमा घेतला, तरी गाडीचे छप्पर व खालचा भाग यांचे नुकसान त्यात येतेच असे नाही. माउंट कुकजवळचा बॉल हट रोड आणि क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड येथे भाड्याची गाडी नेण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते. काउंटरवरील कर्मचाऱ्याने हे सारे सौजन्याने समजावले, पण तोवर पैसे भरून झालेले होते.

हॅनमरला पोहोचण्याआधी वायाऊ नदीच्या खोल घळीवरचा 1887 साली बांधलेला लोखंडी पूल लागतो. तो एकेरी आहे आणि एकेरी पुलांचा नियम कळण्यासाठी याहून चांगली जागा नाही. लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल व लहान दिसला, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचे. निळ्या पाटीवर आपला बाण पांढरा व मोठा असेल, तर पुढे जाण्याचा हक्क आपला. गाडी ताब्यात देताना कंपनीने या दोन पाट्यांचे चित्र दाखवले, ही तिची खरोखर चांगली गोष्ट होय. टेकापोकडे जाताना बर्क्स पास ही खिंड ओलांडल्यावर वारा जोरदार असतो आणि उंच गाडी बाजूला ढकलली जाते. तिथे वेग कमीच ठेवावा, दारही वाऱ्याकडे पाहून हाताने धरून उघडावे.

गरम पाण्याच्या बाबतीत हॅनमर आणि टेकापो यांना एका मापाने मोजू नये. हॅनमरचे पाणी भूगर्भातून तापून वर येते आणि गंधकाच्या कुंडांत त्याचा वास स्पष्ट जाणवतो. चांदीचे पैंजण, अंगठ्या आधी काढून ठेवाव्यात, त्या काळ्या पडतात. टेकापो येथील तलावांचे पाणी यंत्राने तापवलेले असते. डोंगर व सरोवर समोर असल्याने तेथेही बरे वाटते, पण केवळ नैसर्गिक झऱ्यासाठी वाट वाकडी करायची असेल तर हॅनमरच निवडावे. रानातील उघड्या झऱ्यांत डोके पाण्याखाली घालू नये, कारण त्यातील अमिबा नाकावाटे शिरून प्राणघातक मेंदूज्वर होऊ शकतो.

कॅम्परव्हॅनचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते पुकाकीच्या काठाने. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड पाण्यात तरंगत असल्याने हे सरोवर दुधाळ निळे दिसते आणि निरभ्र दिवशी 3,724 मीटर उंचीचा आओराकी थेट त्याच्या टोकाशी उभा राहतो. हा सारा टापू 2012 पासून संरक्षित अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र आहे, त्यामुळे चंद्र नसलेल्या रात्री दिवे मालवून गाडीच्या खिडकीतूनच आकाशगंगा पाहता येते. हॉटेलच्या खोलीत हे सुख नाही. मात्र मनाला येईल तेथे मुक्काम करता येत नाही. 2023 च्या कायद्यानंतर मोफत मुक्कामाच्या बहुतेक जागांसाठी पक्के शौचालय असलेली, प्रमाणित गाडी लागते, म्हणून आरक्षणापूर्वी आपल्या गाडीवर हिरवे प्रमाणपत्र आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे.

परत करताना डिझेलची टाकी भरलेली आणि शौचालयाची टाकी ठरलेल्या केंद्रावर रिकामी केलेली असावी, अन्यथा दोन्हींचे वेगळे शुल्क लागते. आमची तपासणी झटपट झाली, जुने ओरखडे सुरुवातीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले गेले आणि अनामत रक्कम विनातक्रार मोकळी झाली. चार जणांच्या कुटुंबाने हीच गाडी अवश्य घ्यावी. दोघांनाच जायचे असेल आणि हॅनमरमध्येच अधिक राहायचे असेल, तर साधी पेट्रोल मोटार व मोटेल हा पर्याय आम्हांला अधिक योग्य वाटतो.