जळगावला गेमिंग पीसी असेंबल करून घेतला, दुकान कसं वाटलं

गोलाणी मार्केटमधल्या एका छोट्या दुकानातून घेतला, दुकान बोळीएवढं पण माणूस जाणकार आहे भो. रायझन ५ ७६०० प्रोसेसर घ्यायचा होता, घरची जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम चालेल का विचारलं तर सरळ बोलला की त्याला लागणाऱ्या एएम५ मदरबोर्डात फक्त नवी डीडीआर५च बसते, रॅम वाचवायची असेल तर जुन्या एएम४ बोर्डावर रायझन ५ ५६०० घ्या, अन् दोन्हीचा हिशोब कागदावर मांडून दिला. दुसरा कोणी असता तर महागडंच गळ्यात मारलं असतं. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाला पॉवर सप्लाय ५५० वॅटचा पुरतो म्हणे, कार्डच ११५ वॅट खातं, ७५० चा आग्रह केला नाही. कार्डाची लांबी टेपने मोजून मगच कॅबिनेट काढलं, तेही समोर जाळीवालं, कारण मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत बंद काचेचा डबा म्हणजे भट्टीच.

वायरिंग मात्र मागून गबाळं केलंय, अन् बिलासाठी लई ताटकळत ठेवतो. बिलावर सगळ्या पार्टचे सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतात. भाव ऑनलाईनपेक्षा थोडे जास्त, घासाघीस केली की उतरतो.