कॉट्स बेसबॉल कॉन्ट्रॅक्ट्स: ऑप्ट-आउटचं कलम नीट वाचायचं असेल तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाने शॉर्टस्टॉप बॉबी विट ज्युनियरशी मुदतवाढीचा करार केला. हा करार ११ वर्षं आणि २८.८८ कोटी डॉलरचा म्हणता येतो, तसाच १४ वर्षं आणि ३७.७८ कोटींचाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण वाटाघाटी समजून घ्यायच्या तर यापेक्षा मोलाचा आकडा तिसराच आहे: ७ वर्षं आणि १४.८८ कोटी. कारण २०३० चा हंगाम संपला की विटला उरलेली वर्षं सोडून बाजारात उतरता येतं. यालाच ऑप्ट-आउट म्हणतात. तेव्हा तो थांबला तर २०३१, २०३२ आणि २०३३ नंतरही तीच मुभा आहे. चारही वेळा थांबला, तर पुढची ३ वर्षं ८.९ कोटींना राखायची की नाही हे रॉयल्स ठरवणार.

मथळ्यातल्या दोन आकड्यांमागचं हे सगळं एका जागी आणि फुकट वाचायचं असेल तर कॉट्स बेसबॉल कॉन्ट्रॅक्ट्स हे संकेतस्थळ उघडावं. जेफ यूस्टन यांनी सुरू केलेली ही नोंदवही आता बेसबॉल प्रॉस्पेक्टसकडे आहे. रूप अगदी साधं: प्रत्येक संघाचं एक पान आणि त्यावर एकाखाली एक खेळाडू. नावाखाली चालू कराराची ठळक ओळ, म्हणजे वर्षं, एकूण रक्कम आणि कंसात कोणते हंगाम. तिच्याखाली छोट्या ओळी: सही कधी झाली, सायनिंग बोनस किती, दरवर्षीचा पगार किती, ऑप्ट-आउट कधी आणि कोणत्या अटीवर, नो-ट्रेड (संमतीशिवाय दुसऱ्या संघाकडे न पाठवण्याची अट) आहे का, पुरस्कारांचे बोनस कोणते. त्याखाली आधीचे करार, उलट्या क्रमाने. शिवाय एजंटचं नाव आणि मेजर लीगमधला सर्व्हिस टाइम, म्हणजे तिथे काढलेले दिवस.

ऑप्ट-आउटसाठी ही मांडणी इतर संकेतस्थळांवरच्या रंगीत तक्त्यांपेक्षा सरस ठरते, याचं कारण कलमाच्या स्वभावातच आहे. तक्त्याच्या चौकटीत पगार मावतो, अट मावत नाही. आजची कलमं तर अटींनीच भरलेली असतात.

पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोलचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये यांकीजशी ९ वर्षं, ३२.४ कोटी. २०२४ नंतर ऑप्ट-आउट. रंगीत चौकटीत एवढंच दिसलं तर वाटेल की निर्णय सर्वस्वी कोलच्या हातात होता. खरी मेख पुढच्या ओळीत आहे: २०२९ चं एक वर्ष ३.६ कोटींना वाढवून संघ ते ऑप्ट-आउट रद्द करू शकत होता. म्हणजे कोलपुढचा प्रश्न ‘उरलेल्या ४ वर्षांच्या १४.४ कोटींवर पाणी सोडायचं का’ एवढाच नव्हता. यांकीज ५ वर्षं आणि १८ कोटींपर्यंत जातील का, हेही त्यात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने कलम वापरलं, यांकीजने वर्ष वाढवलं नाही, आणि दोन दिवसांत दोघं जुन्याच अटींवर परत आले. पुढच्या मार्चमध्ये कोलवर टॉमी जॉन (कोपराची) शस्त्रक्रिया झाली. रद्द करण्याची अट ठाऊक नसेल तर या घटनाक्रमाचा अर्थच लागत नाही.

हुआन सोटोच्या करारात तोच हक्क वेगळ्या चलनात लिहिला आहे. मेट्सशी १५ वर्षं, ७६.५ कोटी, २०२९ नंतर ऑप्ट-आउट. तो टाळण्यासाठी मेट्सला वर्ष वाढवावं लागत नाही. उरलेल्या १० वर्षांचा वार्षिक पगार ४.६ कोटींवरून ५ कोटींवर न्यायचा, म्हणजे ४ कोटींची भर. कोलच्या संघाला उतारवयातलं एक जादा वर्ष विकत घ्यावं लागलं असतं. सोटोच्या संघाला तीच वर्षं महाग पडतील. मुदतवाढीच्या बोलणीत या दोन रचनांमधला फरक फार मोठा असतो, आणि तो शब्दांत लिहिलेलाच हवा.

अटींचे आणखी प्रकारही असतात. योशिनोबू यामामोतोच्या डॉजर्सबरोबरच्या करारात कोपराच्या गंभीर दुखापतीने ऑप्ट-आउटचं वर्ष पुढे सरकतं. त्याच संघातल्या शोहेई ओहतानीचा हक्क मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन पदावरून गेले तरच जागा होतो. जेसन हेवर्डचं दुसरं ऑप्ट-आउट २०१९ मध्ये ५५० वेळा फलंदाजीला येण्यावर अवलंबून होतं. हुलिओ रॉड्रिगेझच्या ऑगस्ट २०२२ च्या मुदतवाढीत तर आधी क्लबचा ८ ते १० वर्षांचा पर्याय, त्याची किंमत एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानातल्या क्रमांकानुसार २० ते ३५ कोटी, आणि मरिनर्सने तो नाकारला तर ५ वर्षं, ९ कोटींचा पर्याय खेळाडूकडे. हे दहा रंगांच्या तक्त्यातही नीट उतरणार नाही.

आता कॉट्स वापरायचं कसं. करार उघडल्यावर सर्वांत आधी दोन बेरजा करा: ऑप्ट-आउटच्या आधी हातात येणारे पैसे आणि नंतर उरणारे पैसे. पहिल्या बेरजेत सायनिंग बोनस धरा, दुसरीत शेवटच्या क्लब ऑप्शनचा बायआउट, म्हणजे संघाने ते जादा वर्ष नाकारल्यास द्यायची रक्कम. चुका इथेच होतात. सोटोचे पहिल्या ५ हंगामांचे पगार मिळून २३ कोटी भरतात, पण ७.५ कोटींचा बोनस धरला तर ऑप्ट-आउटआधी ३०.५ कोटी होतात. उरतात ४६ कोटी. बोनस विसरलात तर कराराचा ऑप्ट-आउटआधीचा भाग आहे त्यापेक्षा हलका दिसतो.

उलट बाजूचं उदाहरण जियानकार्लो स्टँटनचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मार्लिन्सशी १३ वर्षं, ३२.५ कोटी, २०२० नंतर ऑप्ट-आउट. २०२१ ते २०२७ चे पगार मिळवले तर २०.८ कोटी येतात. २०२८ च्या ऑप्शनचा १ कोटीचा बायआउट धरला तर २१.८ कोटी. पहिल्या ६ हंगामांत मात्र जेमतेम १०.७ कोटी होते, आणि त्यातही पहिल्या ३ हंगामांत मिळून ३ कोटी. जवळपास दोनतृतीयांश पैसा ऑप्ट-आउटच्या पलीकडे ठेवलेला. असा मागे वजन असलेला करार सोडायला खेळाडूला असामान्य हंगाम लागतो, आणि स्टँटनने तो सोडला नाही. कलम कागदावर होतं, पण पगारांच्या रचनेने त्याची धार काढून घेतली होती. एजंटने ऑप्ट-आउट मिळवलं एवढ्यावर बोलणी यशस्वी मानणाऱ्यांनी हे पगार वर्षागणिक पाहावेत. कॉट्सवर ते मिळतात, मात्र बेरीज आपली आपण करावी लागते.

दुसरी पायरी: पानावर ब्राउझरचा शोध लावून इंग्रजी ‘ऑप्ट आउट’, ‘व्हॉइड’ (रद्द) आणि ‘प्लेयर ऑप्शन’ (ते वर्ष राखायचं की नाही हे खेळाडूच्या हाती) हे तिन्ही शोधा. एकाच शब्दावर थांबू नका, कारण पैशाच्या दृष्टीने एकच असलेली गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिली जाते. विटची शेवटची ४ वर्षं कुठे चार ऑप्ट-आउट म्हणून नोंदलेली दिसतील, कुठे २०३१ ते २०३४ चे प्लेयर ऑप्शन म्हणून. ‘२०३० नंतर ऑप्ट-आउट’ आणि ‘२०३१ चा प्लेयर ऑप्शन’ यांचा निर्णयाचा क्षण एकच, सहसा वर्ल्ड सिरीज संपल्यावर ५ दिवसांच्या आत. वर्षाचा आकडा वेगळा दिसतो म्हणून यादी करताना लोक एका वर्षाने चुकतात. लक्झरी टॅक्सच्या (मर्यादेपलीकडच्या पगारखर्चावरच्या कराच्या) हिशेबातही खेळाडूच्या हातातली वर्षं खात्रीची धरली जातात, म्हणून सोटोचा वार्षिक भार १५ वर्षांवर वाटून ५.१ कोटी येतो.

तिसरी पायरी सर्व्हिस टाइमची, आणि मुदतवाढीसाठी हीच सर्वांत उपयोगी. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे एक वर्ष आणि ६ वर्षं झाली की फ्री एजन्सी, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायची मोकळीक. विट मुदतवाढ न घेता २०२७ नंतर मोकळा झाला असता. २०३० नंतरचं ऑप्ट-आउट म्हणजे रॉयल्सने त्याच्या फ्री एजन्सीची ३ वर्षं पक्की विकत घेतली, आणि विटने ३० व्या वर्षी बाजारात जायची वाट उघडी ठेवली. हे गणित त्या छोट्याशा सर्व्हिस टाइमच्या ओळीवरून मांडता येतं. तरुण खेळाडूच्या करारात पहिलं ऑप्ट-आउट ३० च्या आसपास पडतं की ३३ च्या, यावर त्याची किंमत ठरते. ३३ व्या वर्षाचं कलम बहुतेकदा शोभेचं असतं.

कॉट्स कमी कुठे पडतं? वर्गवारी करता येत नाही. ‘यंदा कोणाकोणाची ऑप्ट-आउट आहेत’ हा प्रश्न विचारला तर तीस संघांची तीस पानं चाळावी लागतात. त्यासाठी एमएलबी ट्रेड रूमर्स या संकेतस्थळाच्या ऑप्शन आणि ऑप्ट-आउटच्या याद्या कितीतरी सोयीच्या, आणि कोणाला क्वालिफाइंग ऑफर (ठरावीक पगाराचा एका वर्षाचा प्रस्ताव) मिळाली हेही तिथेच पाहावं. ते पाहणं गरजेचं आहे. करार सोडणाऱ्या खेळाडूला जुना संघ ती ऑफर देऊ शकतो, २०२४ मध्ये ती २.१०५ कोटींची होती, आणि ती नाकारलेल्या खेळाडूला घेणारा नवा संघ ड्राफ्टमधले (नवोदित खेळाडूंच्या निवडीतले) पिक गमावतो. आयुष्यात एकदा ती मिळालेली असेल तर पुन्हा देता येत नाही. एकाच रकमेवर पाणी सोडणाऱ्या दोन खेळाडूंची बाजारातली किंमत यामुळे वेगळी होते.

संघाचा पुढच्या ५ वर्षांचा पगारखर्च एका नजरेत हवा असेल तर फॅनग्राफ्सचं रोस्टर रिसोर्स घ्या. लक्झरी टॅक्सचा अंदाजही तिथे सोबत असतो. खेळाडूगणिक वर्षवार तक्ता स्पोट्रॅकवर वाचायला सोपा, आणि कॉट्सवरून केलेली बेरीज पडताळायला उत्तम. फरक आला तर आधी बोनस, बायआउट आणि पुढे ढकललेले पगार तपासावेत. गुंता बहुधा तिथेच सुटतो.

आणखी एक उणीव: कॉट्सच्या ओळींपुढे बातमीचा दुवा नसतो. करारांचे मूळ कागद जाहीर होत नाहीत, तेव्हा अशी सगळीच ठिकाणं वार्ताहरांच्या माहितीवर उभी आहेत. कराराच्या पहिल्या आठवड्यात अटी अर्धवट असू शकतात, म्हणून ताज्या करारावर लगेच निष्कर्ष काढू नये.

पण जुने करार पुसले न जाता खाली राहतात, आणि मला यातच या नोंदवहीचं खरं मोल दिसतं. वाटाघाटीत ऑप्ट-आउट कसं वापरलं जातं हे त्या रचलेल्या ओळींतून दिसतं. सीसी सबाथियाने २०११ मध्ये ४ वर्षं, ९.२ कोटी सोडण्याआधीच यांकीजकडून ५ वर्षं, १२.२ कोटी करून घेतले. क्लेटन कर्शॉच्या २०१४ च्या मुदतवाढीतली शेवटची २ वर्षं आणि ६.५ कोटी २०१८ मध्ये ३ वर्षं, ९.३ कोटी झाली. मॅनी मचाडोने २०२३ च्या फेब्रुवारीतच करार सोडणार असल्याचं सांगितलं, आणि त्याच महिन्यात पाद्रेसने ११ वर्षं, ३५ कोटींचा नवा करार केला. तिघांपैकी कोणीही संघ बदलला नाही. कलमाचा उपयोग दार उघडायला कमी आणि संघाला टेबलाशी बसवायला जास्त होतो, असंच या नोंदी सांगतात.

प्रत्यक्ष करार सोडलेल्यांच्या नोंदीही शेजारी ठेवाव्यात. झॅक ग्रिंकीने २०१५ नंतर डॉजर्सचे ३ वर्षांचे ७.१ कोटी सोडून ॲरिझोनाकडून ६ वर्षं, २०.६५ कोटी मिळवले. झँडर बोगार्ट्सच्या २०१९ च्या मुदतवाढीतले ३ वर्षं, ६ कोटी २०२२ नंतर सॅन डिएगोत ११ वर्षं, २८ कोटी झाले. पिचर स्टीफन स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाल्यावर ४ वर्षं, १० कोटी सोडले, नॅशनल्सनीच ७ वर्षं, २४.५ कोटी दिले, आणि त्यानंतर तो फक्त ८ सामने खेळू शकला. पिचरशी मुदतवाढीची बोलणी करणाऱ्या प्रत्येक संघाने ही ओळ पाहावी: खेळाडूने हक्क वापरला की संघाची जुन्या करारातून सुटका होते, आणि त्याच क्षणी त्याला नव्याने बांधून घेण्याची घाई महागात पडू शकते.

ट्रेड झालेला खेळाडू शोधताना नव्या संघाच्या पानावर जा, कलम कराराबरोबर प्रवास करतं. नोलन अरेनाडोसारख्या प्रकरणात ट्रेडच्या वेळीच ते बदलतं: २०२१ मध्ये रॉकीजकडून कार्डिनल्सकडे येताना त्याला २०२२ नंतरचं जादा ऑप्ट-आउट आणि २०२७ चं वर्ष मिळालं. अशा खेळाडूच्या नोंदीत मूळ अट आणि बदललेली अट दोन्ही वाचा, तारखांसकट.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण वर्गवारी नसल्याबद्दल कापला.