थंडीतल्या मरळीसाठी बासचं आमिष: झेड-मॅन ‘फिनेस टीआरडी’

पाकिटातून काढून हातात घेतलं तर कुणालाही वाटेल, याला मासा कशाला तोंड लावेल? ना हलणारी शेपटी, ना चमक, ना डोळे. पावणेतीन इंचांचं मऊ रबराचं कांडकं, बस्स. पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठावर मला यापेक्षा भरवशाचं आमिष मिळालेलं नाही. आपल्याकडचे निम्मे गळवाले दिवाळीनंतर रॉड माळ्यावर टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झेड-मॅन कंपनीचं हे आमिष मूळचं अमेरिकेतलं, तिथल्या बास माशासाठी बनलेलं. मशरूमच्या आकाराच्या छोट्या शिशाच्या डोक्याला हे रबर लावायचं, की झाली ‘नेड रिग’. कॅन्ससमधले मासेमारीवर लिहिणारे नेड केडी यांच्यावरून हे नाव पडलं. तिकडे हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की बास खोल पाण्यात उतरतो. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक कमी होते आणि पळणाऱ्या भक्ष्यामागे तो जात नाही. अशा वेळी मोठं, वेगात ओढलेलं आमिष फुकट. नाकासमोर एखादी छोटी गोष्ट निवांत पडलेली असेल तर ती मात्र तो उचलतो. नेड रिगचं सगळं काम एवढंच.

रबराची खरी खुबी तळाला गेल्यावर कळते. झेड-मॅन त्याला ‘इलाझटेक’ म्हणतात आणि ते पाण्यावर तरंगतं. शिसं तळाला टेकतं, रबर मात्र शेपटी वर करून उभं राहतं. तुम्ही काहीही केलं नाही तरी पाण्याच्या हालचालीने ते डुलत राहतं. साधं रबर तळाला आडवं पडतं, थंडीत सगळा फरक तिथेच पडतो. शिवाय हे ताणलं तरी तुटत नाही. मरळीच्या दातांपुढे साध्या रबराच्या दोन चाव्यांत चिंध्या होतात, हे एकच कांडकं बरेच मासे सोसतं.

आता नाशिकचं. बास आपल्याकडे नाही, आणि तिकडची थंडीची गणितं इथे जशीच्या तशी लावली तर हात हलवत परत याल. तिथे तळी गोठतात. चार अंशांचं पाणी सगळ्यांत जड, त्यामुळे बर्फाखाली तळाचं पाणीच त्यातल्या त्यात उबदार आणि मासा खोलवर. आपल्याकडे निफाडला पारा कितीही घसरो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटोत, धरणाचं पाणी तेवढं गार कधीच होत नाही. इथे ऊब वरून येते, उन्हाने. दुपारभर तापलेल्या काळ्या कातळाजवळचं उथळ पाणी आधी कोमट होतं आणि मासे तिथेच सरकतात. खोलवर शोधत बसू नका. पश्चिमेकडे तोंड असलेला, वाऱ्याच्या आडोशाचा कातळी काठ धरा.

म्हणून पहाटे पाचला कानटोपी घालून काठावर जाण्यात अर्थ नाही. मी सातपूरला पहिल्या पाळीत आहे, तीनला सुटतो. तिथून धरण जवळ, त्यामुळे साडेतीन-पावणेचारला पाण्यावर असतो आणि थंडीत खरी वेळ तीच. काठावर जाळी लावणारे एक काका आहेत, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “भाऊ, सकाळी मासा आळसावलेला असतो. ऊन पाठीवर बसू द्या, मग टाका.” मरळ हवा घ्यायला वर येतेच, ते तिच्या जातीला चुकत नाही. दुपारी कुठे पाणी फुटतं ते पाच मिनिटं नुसतं बघा आणि मग त्याच्या पलीकडे हात-दोन हात टाका, डोक्यावर नको.

ओढायची पद्धत आमच्या मित्रांना पटवताना मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. टाकलं की लगेच रील फिरवायचं नाही. तंगूस ढिली पडेपर्यंत थांबा, म्हणजे आमिष तळाला पोचलं. मग रॉडचं टोक जेमतेम हलेल इतकं सरकवा आणि पुन्हा थांबा. मनात दहा मोजा. थंडीतला मासा झटका देत नाही, दोरी नुसती जड होते किंवा हळूच बाजूला सरकते. तेव्हाच उचला. बोटं बधिर असतील तर हे कळत नाही, म्हणून टोकं कापलेले लोकरी हातमोजे आणि थर्मासमध्ये गरम चहा हे माझ्या लेखी रॉडइतकंच महत्त्वाचं सामान आहे.

दारणा धरणाच्या फुगवट्यात मात्र सांभाळून. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, गाळपेरीच्या कडेला बुडालेल्या बाभळी वर येतात आणि उघडा गळ प्रत्येक फांदीत अडकतो. तिथे हे आमिष मी वापरत नाही. झुडपात आणि पाणवनस्पतींत बेडकाच्या आकाराचं तरंगतं आमिषच बरं.

जिगहेड, म्हणजे गळ बसवलेलं ते शिशाचं डोकं, वेगळं घ्यावं लागतं, आणि इथे जपा. बासच्या पातळ तोंडासाठी बारीक तारेचे गळ चालतात, मरळीचा जबडा हाडाचा. मी एका दुकानातून स्वस्तातले घेतले होते, चांगल्या दोन किलोच्या मरळीने त्यातला एक सरळ करून टाकला. जाड तारेचा गळ मागून घ्या, वजन तीन ते पाच ग्रॅम. त्याहून जड घेतलंत तर ते तळात रुततं आणि रबर उभं राहण्याचा फायदाच जातो. दोरी बारीक वेणीची (ब्रेडेड), पुढे हात-दीड हात फ्लोरोकार्बनचा धागा. तो नायलॉनपेक्षा जड, लवकर बुडतो आणि हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात कमी दिसतो.

किंमत खटकते. आठ नगांचं पाकीट मला सहाशेच्या पुढे पडलं. पण टिकतं, त्यामुळे हिशेब जुळतो. एक पथ्य कडक पाळा: दुसऱ्या कुठल्याही रबरी आमिषासोबत एका डबीत ठेवू नका, दोन्ही एकमेकांना लागून विरघळतात. मूळ पाकिटातच राहू द्या.

चिलापीही याला अधूनमधून लागते. रोहू, कटल्याची आशा धरू नका, त्यांच्यासाठी पिठाचा गोळाच. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आधी त्यांना विचारा. नांदूरमध्यमेश्वरला रॉड नेऊच नका. ते अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि थंडीत तिथलं पाणी पाहुण्या पक्ष्यांचं.

रंगात गोंधळ नको. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी, ढगाळ दिवशी काळा. पहिलं पाकीट घेणार असाल तर हिरवट-तपकिरीच घ्या.