होस्ट्स फाइलवरून डीएनएसवर जाताय? हाताने झोन, एचटूएन की डीएनएसमास्क

होस्ट्स फाइल म्हणजे कुठल्या मशीनच्या नावाचा आयपी पत्ता कुठला याची प्रत्येक पीसीवरची यादी. दहा-बारा मशीन असेपर्यंत तिच्यासारखं सुख नाही, एक ओळ टाकली की झालं. चाळीस-पन्नास मशीन झाल्या की मग प्रत्येक पीसीवरची कॉपी वेगळी, अकाउंट्सवाल्यांकडे बिलिंग सर्व्हरचा जुना आयपी, आणि कुणाचं काही अडलं की "जरा होस्ट्स बघ रे" हे पहिलं वाक्य. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर सुद्धा हेच झालं होतं, अख्ख्या नेटवर्कची एकच होस्ट्स डॉट टीएक्सटी फाइल एसआरआय या अमेरिकन संशोधन संस्थेकडे सांभाळली जायची आणि सगळे तिथून उतरवून घ्यायचे, शेवटी ते झेपेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरच्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला.

आता होस्ट्सच्या टेबलाचं डीएनएस करायचं तर साधारण तीन वाटा आहेत: बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या झोन फाइली (एका डोमेनच्या नाव-पत्त्यांच्या नोंदी) हाताने लिहायच्या, एचटूएन या जुन्या पर्ल स्क्रिप्टकडून त्या बनवून घ्यायच्या, नाहीतर झोन फाइलींच्या भानगडीतच न पडता डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरला होस्ट्स फाइल जशीच्या तशी वाचू द्यायची. लोक विचारतात की यातलं सोपं कुठलं, पण मी आधी विचारतो की उद्या नवीन मशीन आलं तर ओळ कुठे टाकणार? होस्ट्स फाइलमध्येच टाकणार असाल तर हाताने झोन लिहिणं म्हणजे डबल काम, आणि झोनमध्ये टाकणार असाल तर कन्व्हर्टर एकदाच चालणार, मग त्याच्यावर फार डोकं चालवायची गरज नाही.

हाताने लिहायचं म्हणजे काय ते एका ओळीवर बघा. होस्ट्समध्ये असतं "१९२.१६८.१०.२१ बिलिंग टॅली", आधी आयपी, मग खरं नाव, मग टोपणनावं. याचे डीएनएसमध्ये तीन रेकॉर्ड होतात: बिलिंगचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी), टॅलीचा सीनेम (टोपणनावावरून खरं नाव), आणि उलट्या झोनमध्ये २१ समोर पीटीआर (आयपीवरून नाव). हा पीटीआर दुसऱ्या फाइलमध्ये असतो आणि तिथेच घोळ होतो, कारण नावाच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं की बाइंड पुढे झोनचं नाव चिकटवतो आणि मग उत्तर येतं "बिलिंग.ऑफिस.इंटर्नल.१०.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.अर्पा", आणि लॉगमध्ये ते बघून माणूस चक्रावतो. शिवाय दर बदलाला झोन फाइलमधला सीरियल नंबर वाढवायचा, नाही वाढवला तर सेकंडरी सर्व्हर, म्हणजे झोनची कॉपी ठेवणारा दुसरा सर्व्हर, जुनंच धरून बसतो. पण एक आहे, हाताने केलं की सगळं तुमच्या ताब्यात राहतं, एमएक्स (मेल सर्व्हर कुठला), एसआरव्ही (एखादी सर्व्हिस कुठे आहे), टीटीएल (उत्तर किती वेळ साठवायचं), काय हवं ते टाका.

एचटूएनला डोमेनचं नाव आणि नेटवर्कचा नंबर दिला की तो होस्ट्स वाचून सुलट आणि उलट दोन्ही फाइली काढतो, टिंबं बरोबर देतो, सीरियल स्वतः वाढवतो. ज्या मशीनला दोन आयपी आहेत तिथे टोपणनावाला सीनेम न देता ए रेकॉर्ड देतो, हे मला फार आवडतं, कारण हाताने करणारे हमखास इथे चुकतात. त्याची अट एकच, बनवलेल्या फाइलला हात लावायचा नाही, पुढच्या वेळी तो सगळं नव्याने लिहितो आणि तुमचे बदल गेले. वेगळे रेकॉर्ड हवे असतील तर एसपीसीएलने सुरू होणारी फाइल करून ठेवायची, ती तो इन्क्लूड करून घेतो. स्क्रिप्ट जुनी आहे हे खरं, पण चालते.

डीएनएसमास्क म्हणजे आळशी माणसाचा मित्र, आणि छोट्या ऑफिसला माझं मत त्यालाच. इटीसी होस्ट्स तो आपणहून वाचतो, पीटीआर फुकटात देतो, एक्स्पांड-होस्ट्स आणि डोमेन या दोन ओळी टाकल्या की नुसत्या "बिलिंग"चं "बिलिंग.ऑफिस.इंटर्नल" पण करून देतो, आणि डीएचसीपी, म्हणजे मशीनना आयपी वाटायचं काम, त्याच्याकडेच असेल तर तसे आयपी घेतलेल्या मशीनची नावं पण आपोआप येतात. फाइल बदलली की फक्त सिगहप (फाइल पुन्हा वाच असा सिग्नल) द्यायचा. होस्ट्समधून दिलेल्या उत्तराचा टीटीएल मुळात शून्य असतो म्हणून जुना आयपी क्लायंटकडे साठत बसत नाही. कमी पडतो तो दोन-चार शाखा असल्या की, बाइंडसारखं सेकंडरी सर्व्हरला झोन पाठवणं इथे सरळ नाही, दुसऱ्या डब्यावर होस्ट्स फाइल कॉपी करत बसावं लागतं. आणि डेबियन-उबंटूवर लावणार असाल तर एक सांभाळा, तिथे होस्ट्समध्ये मशीनच्या स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ हा ज्याचा त्याला स्वतःकडेच नेणारा पत्ता लिहिलेला असतो, ते तसंच राहिलं तर अख्ख्या ऑफिसला त्या सर्व्हरचा पत्ता म्हणून तेच मिळणार आणि सगळे आपापल्याच पीसीचं दार ठोठावत बसणार.

कुठलीही वाट धरा, आधी टेबल झाडून घ्या. एकच नाव दोन आयपींवर असेल तर डीएनएस दोन्ही आयपी देतो आणि मग कधी चालतं कधी नाही. नावात अंडरस्कोर असेल तर डीएनएसमास्क हरकत घेत नाही पण बाइंड प्रायमरी झोन लोडच करत नाही, आणि गंमत म्हणजे बाइंडचंच झोन तपासायचं साधन नेमड-चेकझोन त्याच फाइलला नुसती वॉर्निंग देऊन ओके म्हणतो. डोमेन पण नीट निवडा, डॉट लोकल घेऊ नका, ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय मशीननी एकमेकांची नावं शोधायची पद्धत) राखीव आहे आणि अ‍ॅपलवाल्यांशी भांडण होतं, डॉट इंटर्नल २०२४ मध्ये डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने खाजगी वापरासाठी बाजूला काढलंय, ते बरं.

मोठ्या कारभाराला, म्हणजे सेकंडरी हवा, मेलचे रेकॉर्ड हवेत, तिथे एचटूएन एकदा चालवून फाइली काढा आणि तिथून पुढे झोनच खरा माना, असं मी सांगेन. नुसतं हाताने फक्त वीसेक ओळी असतील तरच.

आणि टेस्ट करताना डिग या डीएनएसला थेट विचारणाऱ्या कमांडवर विसंबू नका, डिग होस्ट्स फाइल बघतच नाही. लिनक्सवर एनएसस्विचमध्ये, म्हणजे नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, बहुतेक "फाइल्स" आधी आणि "डीएनएस" नंतर असतं, त्यामुळे डिग नवा आयपी दाखवतो आणि ब्राउझर जुन्याकडेच जातो. गेटेंट होस्ट्स ही कमांड चालवून बघा, ती याच क्रमाने शोधते म्हणून खरं सांगते. सगळ्या पीसींवरच्या जुन्या ओळी एकदम उडवू नका, एका पीसीवरच्या उडवा, दोन दिवस चालू द्या, मग बाकीच्यांच्या. सर्व्हरच्या स्वतःच्या होस्ट्समध्ये मात्र लोकलहोस्ट आणि डीएनएस सर्व्हरची ओळ राहू द्या, लाईट जाऊन सगळं एकदम बूट झालं की नेमड (बाइंडचा सर्व्हर प्रोग्राम) उठायच्या आधी काही सर्व्हिसेसना तेवढी लागतेच.