हतनूरच्या पाण्यात शिडाच्या होडीला विजेची मोटर: दिवाळी ते मे महिन्याचा अनुभव

भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयात माझी सोळा फुटी, फायबरची, शिडाची होडी असते. जलसंपदा विभागाच्या परवानगीने हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती पाण्यात राहते. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडू लागण्यापूर्वीच ती बाहेर काढावी लागते. होडीवरची ८ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटर दुरुस्तीपलीकडे गेल्यामुळे दिवाळीच्या सुमारास मी तिच्या जागी एक किलोवॅटची विजेची मोटर बसवली. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही; टॉर्क्वीडो, ईप्रोपल्शन यांच्यासह अनेक कंपन्या या जातीच्या मोटरी बनवतात आणि निवडीचे निकष सर्वांना सारखेच लागू पडतात.

शिडाच्या होडीला मोटर लागते ती वारा पडल्यावर किनारा गाठण्यासाठी आणि घाटाला लागताना होडी ताब्यात ठेवण्यासाठी. त्यामुळे अश्वशक्तीच्या आकड्याला येथे फारसे महत्त्व नाही. होडीचा जो भाग पाण्याला टेकलेला असतो त्याची फुटांतील लांबी घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले, की अशा होडीचा कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. माझ्या होडीची ही लांबी १४ फूट असल्याने तो वेग साधारण ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर येतो. त्यापुढे कितीही ताकद लावली तरी होडी आपल्याच लाटेत अडकून मागे बसते आणि इंधन वाया जाते. ८ अश्वशक्तीच्या मोटरीची निम्म्याहून अधिक ताकद या होडीला कधीच उपयोगी पडणारी नव्हती. या कामाला पाणी मागे ढकलणारा मोठा, संथ फिरणारा पंखा हवा असतो, आणि विजेच्या मोटरीत तो मिळतो.

अश्वशक्तीपेक्षा कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांड्याची, म्हणजे मोटर होडीला अडकते तेथून खाली पंख्याकडे जाणाऱ्या भागाची, लांबी. पेट्रोल मोटरी आखूड, म्हणजे १५ इंची, आणि लांब, म्हणजे २० इंची दांड्यात मिळतात. मासेमारीच्या होडीला आखूड दांडा चालून जातो. शिडाच्या होडीत मात्र शीड उतरवायला माणूस पुढे गेला की मागची बाजू वर उचलली जाते, पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता हवेत फिरतो, आणि हे नेमके किनारा जवळ असतानाच घडते. म्हणून येथे लांब दांडाच घ्यावा. मोजताना एक काळजी घ्यावी लागते: पेट्रोल मोटरीचे माप पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपर्यंत धरतात, तर विजेच्या मोटरींचे काही निर्माते पंख्याच्या मध्यापर्यंतचे माप देतात. कागदावरचे दोन आकडे थेट ताडून पाहिले तर चुकीची मोटर घरी येईल. होडीच्या मागच्या फळीची उंची स्वतः टेप लावून मोजावी आणि पंखा पूर्ण बुडून वर थोडे पाणी राहील असा दांडा मागावा.

मी विजेकडे वळलो त्याचे मुख्य कारण तापीचा गाळ हे आहे. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो आणि त्याखाली हे धरण आहे. पूर्णा विदर्भातल्या काळ्या मातीतून येते, त्यामुळे जलाशयात गाळ मोठ्या प्रमाणावर साचला आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाजवळ होडीचा तळ चिखलाला टेकतो. बहुतेक पेट्रोल मोटरी थंड राहण्यासाठी आजूबाजूचेच पाणी ओढतात, आणि ते ओढणारा रबराचा छोटा पंखा गाळाच्या पाण्यात लवकर झिजतो. तो झिजला, की मागून निघणारी पाण्याची धार बारीक होते आणि इंजिन तापू लागते. होंडाच्या बीएफ २.३ सारखी हवेने थंड होणारी मोटर या त्रासातून सुटते, परंतु तिचा आवाज मोठा असतो. माझ्या विजेच्या मोटरीत पाणी ओढणारा भागच नाही. ती पाण्याखाली असते आणि आपोआप थंड राहते. एप्रिलमध्ये, पाणी अगदी गढूळ आणि उथळ असताना, मला या फरकाचे मोल कळले. जलपर्णी मात्र हिलाही अडवते. पंख्यात मुळे गुंतली की मोटर स्वतः थांबते; क्षणभर उलट फिरवले की बहुतेक वेळा ती सुटतात, नाहीतर मोटर वर उचलून हाताने काढावी लागतात.

दुसरे कारण पेट्रोलचे आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. रोज धावणाऱ्या गाडीत ते खपून जाते. शिडाच्या होडीची मोटर मात्र वीस मिनिटे चालते आणि पुढे आठवडाभर, कधी महिनाभर पडून राहते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, कालांतराने पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकट थराने बुजतात. टू-स्ट्रोकमध्ये तर तेलमिश्रित इंधनाचा काही भाग न जळताच पाण्यात जातो. ज्या जलाशयाचे पाणी लोक पितात आणि जेथे दर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, तेथे हे मला मनापासून खटकत होते. आता संध्याकाळी परतताना काठावरची बदके उडून जात नाहीत, आणि ज्याला या जागेबद्दल आपुलकी आहे त्याच्यासाठी ही किरकोळ बाब नाही.

आता अडचणी, आणि त्यांतली सर्वांत मोठी अडचण खानदेशचा उन्हाळा. मेमध्ये भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तर लिथियम बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा बहुधा ४५ अंशांचीच असते. दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेली बॅटरी घरी आणताच चार्जरला लावली, तर चार्जर सरळ नकार देतो. आता मी ती घरातल्या सर्वांत गार खोलीत सावकाश निवू देतो आणि पहाटे चार्ज करतो. होडीवर तिच्यावर ओले, पांढरे सुती कापड असते. भर उन्हात मोटरीच्या पडद्यावरचे आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे बॅटरी किती उरली हे पाहायला हाताची सावली धरावी लागते. शिवाय दुरुस्ती केंद्र खानदेशात नाही. एका लहान सुट्या भागासाठी मला बरीच प्रतीक्षा करावी लागली, तर पेट्रोल मोटर भुसावळातला कोणताही हुशार मेकॅनिक उघडून पाहू शकतो. किंमतही चांगल्या पेट्रोल मोटरीपेक्षा जास्त आहे.

पल्ल्याचे गणित सोपे आहे. बॅटरीत सव्वा किलोवॅट-तास वीज मावते. पूर्ण ताकदीवर ती सव्वा तासात संपते. निम्म्या ताकदीवर अडीच तास पुरते आणि शांत पाण्यात होडी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालते. हतनूरच्या पाण्यात कोठूनही परतायला एवढे पुरेसे आहे. उन्हाळी दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून येतो तेव्हा मात्र वीज झपाट्याने उतरते. म्हणून मी एक तृतीयांश बॅटरी राखून ठेवतो आणि होडीत वल्ही कायम असतात. शिडावर चालताना पंखा फिरून बॅटरी भरण्याची सोय काही मोटरींत असते. तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. आपल्याकडे हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यात होडीला तेवढा वेगच येत नाही.

वजनाचा लाभ मला अपेक्षेपेक्षा जास्त जाणवला. सहा अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर साधारण २५ किलोची असते आणि तिचे तेल सांडू नये म्हणून ठरावीक कुशीवरच ठेवावी लागते. ही मोटर बॅटरीसह वीस किलोच्या आत आहे, दोन भागांत सुटते आणि मी एकटा ती घाटाच्या पायऱ्यांवरून नेतो. पावसाळ्यात बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवायची, एवढीच तिची निगा.

नंदुरबारकडे उकाई धरणाच्या फुगवट्यावर किंवा अक्राणी-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या पाण्यात होडी ठेवणाऱ्यांना मी हीच मोटर सुचवणार नाही. तेथील अंतरे लांब आहेत, वाटेत चार्जिंगची खात्री नाही आणि डोंगरांमधला वारा अचानक फिरतो. त्यांनी लांब दांड्याची, सहा अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक घ्यावी, प्रत्येक फेरीनंतर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे आणि पाणी ओढणारा रबरी पंखा दरवर्षी बदलावा.