स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातले क्रियापदांचे तक्ते: ‘आब्लारा’ शिकायला किती पुरतात?

स्पॅनिश क्रियापदाच्या रूपाबद्दल शंका आली की माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश उघडावा. छापील तेविसावी आवृत्ती २०१४ ची, ऑनलाइन मजकूर त्यानंतरही सुधारला जातो, आणि तो विनामूल्य आहे. मूळ क्रियापद शोधलं की त्याच्या नोंदीतून पूर्ण तक्ता उघडता येतो. ‘आब्लारा’सारखी रूपं, म्हणजे इच्छा किंवा कल्पनेतल्या गोष्टींसाठीचा भूतकाळ (इम्परफेक्ट सब्जंटिव्ह), पाहायला सुबखुन्तिवो (सब्जंटिव्ह) विभागात जायचं. तिथे या काळाला दोन नावं दिली आहेत. दुसरं नाव नुसतं ‘प्रेतेरितो’, लॅटिन अमेरिकेत रुजलेल्या, व्याकरणकार आंद्रेस बेयोच्या पद्धतीचं. ते पाहून साधा भूतकाळ समजू नका.

अचूकतेत हा तक्ता निर्दोष आहे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं, त्याच्या प्रत्येक ओळीत ‘आब्लारा’ आणि ‘आब्लासे’ अशी दोन्ही रूपं शेजारी असतात. बोलण्यासाठी ‘रा’ची मालिका शिका, ती सगळीकडे चालते. ‘से’ची वाचताना ओळखता आली तरी सुरुवातीला पुरे.

तक्त्याचा दोष असा की तयार रूपं मिळतात, ती बनतात कशी हे कळत नाही. युक्ती त्याच पानावर, साध्या भूतकाळाच्या शेवटच्या ओळीत आहे. ‘ते’चं रूप घ्या: आब्लारोन (बोलले), कोमिएरोन (जेवले), बिबिएरोन (राहिले). शेवटचं ‘रोन’ काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान जोडा. आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा तयार. वर्तमानकाळावरून बनवायला गेलं की चुकतं: ‘पिएन्सो’ (मी विचार करतो) पाहून ‘पिएन्सारा’ लिहिलं जातं, पण भूतकाळ ‘पेन्सारोन’ आहे, म्हणून ‘पेन्सारा’च. अनियमित क्रियापदांनाही हाच नियम लागतो, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

तक्त्यातली आघातचिन्हं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘आम्ही’च्या रूपात प्रत्ययाआधीच्या स्वरावर चिन्ह हवंच: आब्लारामोसमध्ये ‘ब्ला’वर, कोमिएरामोसमध्ये ‘ए’वर. ‘आर’नं संपणाऱ्या क्रियापदांच्या गटात आणखी एक खड्डा आहे. जोर ‘ब्ला’वर आणि चिन्ह नाही, तर सब्जंटिव्ह, जोर आणि चिन्ह शेवटच्या ‘रा’वर, तर भविष्यकाळ. वहीत देवनागरीत उतरवलं की दोन्ही ‘आब्लारा’च दिसतात. तक्ता रोमन लिपीतच उतरवा.

वापराबद्दल तक्ता गप्प आहे, आणि मराठी माणूस अडखळतो ते नेमकं इथे. आपण ‘त्यानं बोलावं अशी माझी इच्छा आहे’ म्हणतो आणि ‘इच्छा होती’ असलं तरी ‘बोलावं’ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतं: ‘किएरो के आब्ले’, पण ‘केरिया के आब्लारा’. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की दुसरंही मागे सरकतं. मराठी कानाला तिथे काही खटकत नाही, म्हणून ही चूक बराच काळ टिकते.

जर-तरमध्ये उलटा घोळ. ‘मी माद्रिदला राहत असतो तर उशिरा जेवत असतो’: दोन्हीकडे ‘असतो’. त्याच सवयीनं ‘सी’ म्हणजे ‘जर’, त्याच्यानंतरही ‘बिबिरिया’ लिहिलं जातं. बरोबर वाक्य: ‘सी बिबिएरा एन माद्रिद, कोमेरिया तार्दे’. ‘सी’च्या बाजूला ‘रा’चं रूप, परिणामाच्या बाजूला ‘रिया’चं, म्हणजे ‘जेवत असतो’ अर्थाचं. ‘कोमो सी’ म्हणजे ‘जणू काही’, त्याच्यापुढेही ‘रा’ किंवा ‘से’.

म्हणून हा शब्दकोश शिक्षक म्हणून नको, तपासनीस म्हणून ठेवा. रोज तीन नियमित क्रियापदं घ्या, आर, एर, इर या प्रत्येक गटातलं एक. ‘रोन’ काढून सहा रूपं आधी स्वतः लिहा, मग तक्ता उघडून चिन्हांसकट ताडून पाहा. प्रत्येकाचं ‘केरिया के’नं सुरू होणारं एक आणि ‘सी’नं सुरू होणारं एक वाक्य करा. ही वाक्यं तपासायला मात्र शिक्षकच लागेल. मेक्सिको किंवा अर्जेंटिनासाठी शिकत असाल तर ‘राइस’ची ओळ सोडून दिली तरी चालेल, तिकडे ‘तुम्ही’ला ‘रान’चंच रूप वापरतात.