9.9 च्या आउटबोर्डला 15 चा कार्ब्युरेटर: हंगामभर वापरल्यावर

होडीच्या मागच्या फळीला लावायची यामाहाची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनं, 9.9 आणि 15 हॉर्सपॉवरची, दोन्ही 246 सीसीची. दोन सिलिंडर, 56 मिमी बोअर, 50 मिमी स्ट्रोक. फरक मुख्यतः श्वासात: 9.9 च्या कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचा) घसा अरुंद. म्हणून 'कार्ब्युरेटर बदलला की 9.9 चं 15 होतं' असं सगळे म्हणतात. मीही तेच करून देवबागेत कर्ली खाडीत पावसाळ्यानंतरचा अख्खा हंगाम मशीन चालवलं. होडी 16 फुटी फायबरची, काम जाळी टाकण्याचं.

मी एकटा, होडी रिकामी, पाणी शांत असेल तर फरक खणखणीत. आधी फोनच्या जीपीएसवर ताशी 25 किमी मिळायचे, आता 30 च्या आसपास. दीडपट ताकद आणि वेग एवढाच वाढला, असं वाटेल. पण पाण्यावर तरंगत धावणाऱ्या होडीचा हिशेब असाच असतो. तिघे बसलो आणि ओलं जाळं भरलं की मात्र गंमत संपते. होडी पाण्यातून वर उचललीच जात नाही, नाक वर करून पाणी ढकलत राहते. 16 फुटी होडी अशी ढकलत चालली की ताशी 10 किमीच्या आसपासच अडकते. त्यापुढे जास्तीचं पेट्रोल फक्त मागे लाट उठवण्यात जातं.

आमचा मिस्त्री सुरुवातीलाच म्हणाला होता, "आधी पंखो बदल, कार्ब्युरेटर मगे." प्लगच्या वायरीला गुंडाळायचं स्वस्त आरपीएम (मिनिटाला फेरे) मीटर लावल्यावर त्याचं म्हणणं आकड्यात दिसलं. या मशीनने पूर्ण थ्रॉटलला 4500 ते 5500 आरपीएममध्ये फिरायला हवं. भरलेल्या होडीत मोठ्या पिचच्या (पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकेल तो आकडा) पंख्यावर ते 4500 च्याही खाली गुदमरत होतं. 8 इंच पिचचा पंखा घातला, आरपीएम वर आले, आणि दोघे व जाळं असताना होडी बऱ्यापैकी लवकर उचलायला लागली. रिकाम्या होडीला तोच पंखा नको, मशीन 5500 ओलांडून किंचाळतं. म्हणून दोन्ही पंखे आणि जादा स्प्लिट पिना डब्यात असतात. नट काढून पंखा बदलायला चहा गार होत नाही.

आता प्लग. पूर्ण थ्रॉटलला थोडं पळवून तिथेच मशीन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी रंग आला तर ठीक. पांढरट आला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पिस्टन धोक्यात. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. नव्या कार्ब्युरेटरवर पहिल्यांदा पांढरट छटा आली, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा घेतल्यावर गेली. इथेनॉलवाल्या पेट्रोलने हे आणखी नाजूक होतं. जुनी रबरी नळी आणि पंपाचा बल्ब फुगतो, टाकीत पाणी उतरलं तर इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं. नळी नवीन घातली, टाकी अर्धी ठेवून दिवसेंदिवस सोडत नाही. तेल टीसी-डब्ल्यू3 (पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं), 50 लिटर पेट्रोलला 1 लिटर. 'दमदार' करायला जास्त ओतणारे धूर आणि काजळीच वाढवतात.

मशीन गार ठेवायला पाणी खेचणारा इम्पेलर बदलून घेतला, कारण जादा ताकद म्हणजे जादा उष्णता. मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की थांबायचं. एक्झॉस्टचं पोर्ट (धूर बाहेर पडायचं भोक) उंच करणं सुचवणारे भेटले. खालच्या आरपीएमवरचा जोर घालवून वरचा वाढवायचा, हे शर्यतीच्या बोटीला ठीक, ओढकामाला उलटंच.

पेट्रोल जास्त लागतं, लपवण्यासारखं नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावरची लाट चुकवून पटकन निघता येतं, त्यासाठी मला ते परवडतं. प्रवासी होडी असेल तर हा उद्योग नकोच: मागची फळी किती हॉर्सपॉवरसाठी आहे आणि नोंदणी व विम्याच्या कागदांवर काय लिहिलंय, हे आधी बघा, आणि 15 हवंच असेल तर सरळ 15 घ्या.